अजून ठरलं नाही त्यांचं

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा मी सासूबाईंच्या लोखंडी खलबत्त्यात केला. तेव्हा चिखलीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सहायक होते. नुकतीच कायम झालेली, दोन वेण्या सोडून अंबाडा घालू लागलेली, आणि आपल्याइतकं हुशार तालुक्यात कुणी नाही अशी पक्की खात्री असलेली. आता नातीला हे सांगते तेव्हा ती हसते. तुम्हीही हसून घ्या, पुढे फारसं हसायला मिळणार नाही.

आमच्याकडे तासिकेवर शिकवणारे एक सर होते. वरवट बकालकडचे. चाळिशीला टेकलेले, लग्न नाही. त्यांचं एक वाक्य ठरलेलं. 'सर, झालं का?' विचारलं, की लॅबमधल्या भट्टीकडे बघत म्हणायचे, "अजून ठरलं नाही त्याइचं."

'त्याइचं' म्हणजे अणूंचं. सर पीएच.डी.साठी एका ऑक्साइडवर काम करत. त्यात प्रत्येक अणू म्हणजे एक बारीक चुंबक, आणि ते बसलेले त्रिकोणात. एकदा त्यांनी मला आणि शिपायाला उभं करून हे समजावलं होतं.

"नियम एकच. शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं. मॅडम, तुम्ही दाराकडे पाहा. हा खिडकीकडे पाहीन. आता मी तुमचाही शेजारी अन् याचाही. सांगा, मी कुठं पाहू?"

"घड्याळाकडे पाहा सर," मी म्हणाले. "पाच वाजले."

"म्या जाऊ काय मंग?" शिपायानं विचारलं.

सर हसले, पण तिथंच उभे राहिले. "कितीही थंडी पडू द्या, त्याइचं ठरतच नाही. बाकीचे चुंबक थंडीत गपगुमान रांगेत लागतात. हे नाही लागत." हे सांगताना त्यांचा आवाज असा मऊ व्हायचा, की मला वाटे, माणूस पोरीबाळींबद्दल बोलतोय.

ती भुकटी घोटायला अकीकाचा एक इवलासा खल होता. करडा, गुळगुळीत दगड. त्यात तासन् तास घोटायचं, वडी दाबायची, भट्टीत भाजायची, फोडून पुन्हा घोटायचं. गाइडनी दिलेला कच्चा माल संपत आला होता. राहिलेला सगळा या शेवटच्या घाण्यात पडला. नोंदणीची मुदतही संपत आलेली. पीएच.डी. झाली तर त्याच कॉलेजात कायमची जागा मिळायची होती. नाही तर तासिका, तीही देतील तोवर.

त्या दिवशी त्यांना ओळीनं तास होते. मला म्हणाले, "मॅडम, एवढं घोटून द्याल काय? घाई करू नका फक्त."

माझ्याकडे पाहुणे यायचे होते. मी भुकटी घरी नेली. खलबत्ता राखेनं घासला, धुतला, उन्हात वाळवला, आणि दाणकूट कुटतात तशी कुटली. स्वयंपाक होईस्तोवर काम फत्ते. भुकटी जरा मळकट दिसली. पण भट्टीत सगळं जळून जातं, ही माझी समजूत. चुलीवरचं शास्त्र.

वडी भाजली, एक्स-रे काढला, रचना बरोबर दिसली. तिचा तुकडा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत अतिथंडीत मोजायला गेला. पहिला निकाल कळला तेव्हा सर धावत लॅबमध्ये आले. "मॅडम, ठरलं त्याइचं. रांगेत लागले. आजवर कोणाले दिसलं नव्हतं हे." शिपायाला त्यांनी पेढे आणायला पिटाळलं. मीही दोन खाल्ले.

मग गाइडचा फोन आला. वडीत लोखंड निघालं होतं. बाहेरचं लोखंड आत घुसून बसलं, म्हणून त्या चुंबकांचं ठरलं होतं. नवी भुकटी मिळाली नाही. मुदत गेली. त्या कायमच्या जागेवर दुसरा आला.

'लोखंड' हा शब्द ऐकला त्याच क्षणी मला कळलं होतं. पण कायम झालेली नोकरी होती, आणि तोंड बंद ठेवायला फार हुशारी लागत नाही.

सर मात्र लोखंड कुठून आलं ते शोधत राहिले. चमचे बदलले, भट्टी खरवडली. मग हात धुवायला लागले. तासाला जायच्या आधी, तासावरून आल्यावर, नखांत ब्रश घालून. पोरं मागून नक्कल करायची. "माह्या हातातच काहीतरी आहे," ते म्हणायचे. मी साबण संपला की नवा आणून ठेवायची. एवढीच माझी सेवा.

पुढच्या वर्षी त्यांना तासिका दिल्या नाहीत.

ते मोताळ्यात बारावीची शिकवणी घेतात, असं फार वर्षांनी कळलं. मी रिटायर झाले होते, आजी झाले होते, गुडघे गेले होते. मरायच्या आधी पाटी कोरी करावी, असं मनात आलं. पाहा, म्हातारपणीही आपलंच बघायचं. बाजाराच्या दिवशी नातीला घेऊन गेले. सर भाजीच्या ओळीतच भेटले. हाताची कातडी पांढरी पडलेली, भेगाळलेली. मी सगळं सांगितलं. खलबत्ता, पाहुणे, सगळं. मला वाटलं होतं, शिव्या देतील. शिव्या खाऊन मी हलकी होऊन घरी जाईन.

आता ती शिकवणी बंद आहे. खोलीला कुलूप आहे, आणि ते कुठं गेले हे घरमालकालाही माहीत नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काऊन सांगतलं मॅडम तुम्ही? मले वाटे, माह्याच हातून घाण झाली. त्याची सवय पडून गेली होती. आता मी काय धरून बसू?"