चार वाजताचा ताप

मी ग्वाल्हेरच्या एका नर्सिंग होममध्ये आया आहे. चादरी बदलणं, लघवीचं भांडं देणं, रुग्णांचं अंग पुसणं, फरशी पुसणं ही माझी कामं. चौथीपर्यंत शिकले, तेही मराठी शाळेत, आणि तेव्हापासून दिसेल ते वाचायची सवय लागली. बोलायची लागली नाही. वॉर्डात सगळा कारभार हिंदीत चालतो, त्यामुळे गप्प राहिलं तरी कोणाला वावगं वाटत नाही. गेल्या मे महिन्यात जे झालं ते मी घरीही सांगितलेलं नाही. मुलाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे.

त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्याकडे एक नवी सिस्टर आली. कोर्स नुकताच संपलेला, घर इथेच, हरिशंकरपुरम वस्तीत. पहिल्याच दिवशी हातातून ट्रे निसटला तेव्हा ती "अगं आई गं" म्हणाली, म्हणून मला कळलं की ही आपल्यातली.

"मावशी, बरं झालं तुम्ही आहात," ती म्हणाली. "घरी आई ओरडते, म्हणते तू अर्धं हिंदीच बोलतेस."

तेव्हा ती प्रत्येक रुग्णाला नाव विचारायची, गाव विचारायची, रात्री झोप लागली का विचारायची. मग होळीच्या सुमारास दोन जुन्या सिस्टर नोकरी सोडून गेल्या आणि हिच्यावर डबल ड्यूटी आली. सकाळी आठ ते रात्री आठ, आठवड्यातून चार-पाच दिवस. बावीस खाटा आणि ही एकटी. एप्रिलपर्यंत रुग्णांची नावं तिच्या तोंडून गेली. सहा नंबरचं इंजेक्शन, नऊ नंबरचं सलाईन, एवढंच उरलं. डबा उभ्याउभ्या खायची, निम्मा तसाच परत न्यायची. पाणी पीत नसे.

मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि मी गेले की नेमक्या चार घंट्या वाजतात."

एक दिवस ती चादरींच्या खोलीत दिसली. गठ्ठ्यावर कपाळ टेकून बसली होती, डोळे उघडे.

"डोकं दुखतंय का?"

"नाही. काहीच नाही होत मावशी. कोणी रडतं, कोणी ओरडतं, मला काहीच होत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी दाना ओलीतल्या घरून निघताना बाटलीत ताक भरून आणू लागले. ती दोन घोट घ्यायची आणि बाटली तिथेच विसरायची.

मे महिन्यातली ती दुपार. वॉर्डातले कूलरही गरम वारा फेकत होते. सहा नंबरवर पथरीचं, म्हणजे मुतखड्याचं, ऑपरेशन झालेले एक म्हातारे बाबा होते. मी तिथली फरशी पुसत होते तर ते म्हणाले, "बेटी, कंबल दे दो. ठंड लग रही है."

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात कांबळं. मी आणून त्यांच्या पायांवर घातलं, तेव्हा पायाला हात लागला. तव्यासारखा तापला होता.

खाटेच्या पायथ्याशी फाईल लटकलेली असते. त्यात तापाचे रकाने असतात : सकाळी आठ, बारा, दुपारी चार, रात्री आठ. बाराच्या रकान्यात अठ्ठ्याण्णव लिहिलं होतं. चारच्या रकान्यातही अठ्ठ्याण्णव. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मला वाटलं मीच चुकीचं वाचते आहे. शेजारच्या खाटेची फाईल पाहिली, तिच्यापलीकडची पाहिली. सगळीकडे चार वाजताचा ताप लिहून झाला होता.

मोठ्या इनचार्ज सिस्टरना सांगितलं तर या मुलीची नोकरी त्याच दिवशी जाणार, हे मला माहीत होतं. नाही सांगितलं तर त्या बाबांना थेट रात्रीची सिस्टर हात लावणार. थर्मामीटरला आम्हां आयांनी हात लावायचा नसतो. मी पोछा बादलीत ठेवला आणि तिच्या टेबलाशी गेले.

"सिस्टर, सहा नंबरच्या बाबांना थंडी वाजतेय."

तिने वर पाहिलं नाही. "कूलर फिरवा दुसरीकडे."

"कूलर त्यांच्याकडे नाहीच. अंग तापलंय."

"मघाशी बघितलं मी. ठीक आहेत."

"कधी बघितलं?"

असा प्रश्न मी आयुष्यात कोणाला केला नव्हता. तिने पेन खाली ठेवलं. "मावशी, तुम्ही तुमचा पोछा बघा ना. प्लीज."

मी जायला हवं होतं. गेले नाही. म्हणाले, "चारचं लिहिलंय तुम्ही. अजून चार वाजले नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मग उठली. बाबांना एकशे तीन ताप होता. तिने नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी येऊन पट्टी सोडली तर जखमेत पू झाला होता. औषध बदललं, नवं सलाईन लावलं, आणि मग त्यांनी फाईल उघडली.

"ये चार बजे का किसने लिखा?"

मी तिथेच घाणेरड्या पट्ट्यांचं तसराळं धरून उभी होते. रकाना चुकला, असं तिला म्हणता आलं असतं. मला वाटलं म्हणेल.

"मैंने लिखा, सर. बारह का भी बिना देखे लिखा था."

"और बाकी सबका?"

"सबका."

डॉक्टरांनी फाईल मिटून तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "तो अब सबका देखो."

तिने बावीसही खाटा पाहिल्या. मी थर्मामीटरचा ट्रे घेऊन मागून चालले. आणखी दोघांना बारीक ताप निघाला, बाकीचे ठीक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनचार्ज सिस्टरनी तिला बोलावलं. जाताना ती म्हणाली, "मावशी, याल का? नुसत्या उभ्या राहा."

इनचार्ज बाई म्हणाल्या, "कल से मत आना, यही सुनना है?"

"आप कहेंगी तो नहीं आऊँगी," ती म्हणाली. "पर रखेंगी तो रोज की डबल नहीं होगी मुझसे. मैं देखना छोड़ देती हूँ, सिर्फ लिखती हूँ."

"हमने भी डबल की हैं. मर तो नहीं गए." मग बाई माझ्याकडे वळल्या. "और तुम? गवाही देने आई हो?"

मी म्हणाले, "यह लड़की पानी नहीं पीती, मैडम."

"क्या?"

"बारह घंटे में एक गिलास भी नहीं. पेशाब जाने का टाइम नहीं मिलता, इसलिए."

बाईंनी ड्यूटीचं रजिस्टर ओढलं आणि बराच वेळ त्यात पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "हफ्ते में दो डबल. इससे कम मेरे बस का नहीं. और अभी तीन दिन घर जाओ, सोओ."

ते बाबा आणखी दहा दिवस राहिले आणि चालत घरी गेले. मुलगी चौथ्या दिवशी आली. "पहिले दोन दिवस नुसती झोपले," म्हणाली, "आईने जेवायला उठवलं तेवढंच." अजूनही डबलच्या दिवशी ती चादरींच्या खोलीत जाऊन बसते. सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट तिने मला स्वतःहून सांगून ठेवली आहे. "रुग्णाला हात लावायच्या आधी मी पेन काढलं, तर मला टोका."

आत्तापर्यंत दोनदा टोकलं. दुसऱ्यांदा तिला राग आला आणि संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पेन मात्र खिशात गेलं.