गणपतभाऊंच्या नावानं काढलेली मुळी

या ग बायांनो, अशा दूर दूर काय बसता, जवळ सरका. रविवारची पुरवणी हातात पडली की लोणच्याची कृती तेवढी वाचता आणि बाकीच्या कागदात फुटाणे बांधून ठेवता, मला काय माहीत नाही होय? आज तसं करू नका. आज मी माझ्या भागरथाबाईंबद्दल लिहायला बसले आहे. मला शाळा नाही. लेकरांच्या पाट्या पुसता पुसता अक्षरं शिकले, तेव्हा काना-मात्रेकडे कानाडोळा करा आणि ऐका.

भागरथाबाई माझी चुलतजाऊ. आमच्या दोन घरांमध्ये एकच कुड होता, बांबूचा, शेणानं लिंपलेला, आणि त्याला पडलेल्या भोकातून आम्ही विस्तव, मीठ आणि गोष्टी देत-घेत होतो. मागल्या महिन्यात मी सावली गावाला लेकीकडे गेले होते. खळ्यावर धान चुरणं चाललं होतं. दुपारी पाहते तर आमचे हे स्वतः बैलबंडी घेऊन दारात. बंडी रिकामी. बैल सोडले नाहीत, पाणी घेतलं नाही. "बाई गेल्या," एवढंच बोलले. छातीत ताप भरला होता म्हणे. रडू यायला पाहिजे होतं, पण माझ्या तोंडून आधी निघालं, "आणि गणपतभाऊ?" हे बैलांकडे बघत म्हणाले, "बसून हायेत. सध्या तरी बसून हायेत."

त्या 'सध्या तरी'चा अर्थ तुम्हाला कळायचा नाही, म्हणून आधी गणपतभाऊंचं सांगते. बाईंचा नवरा. अंगानं सागाच्या खोडासारखा, मनानं गरीब. जंगलात लाकूडतोडीवर असताना एक झाड त्यांच्या सोबत्यावर पडलं, ते यांनी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून मधूनच त्यांची झोप उडायची. झोप उडाली की बोलणं वाढायचं, बोलणं वाढलं की ओरडणं, आणि मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून गावभर फिरणं. कोणाला मारलं नाही कधी. पण फिरणाऱ्या कुऱ्हाडीपुढे कोण थांबून विचारतं? आयाबाया लेकरं आत ओढायच्या.

बाईंच्या सासूनं त्यांना एक मुळी दाखवली होती. कंबरेएवढंही झाड नाही, पांढरी-गुलाबी फुलं, मग काळी चमकदार फळं. आम्ही तिला वेड्याची मुळी म्हणतो. इतकी कडू की चाखली तर दुसऱ्या दिवशीच्या भातालाही कडवटपणा येतो. ती उगाळून दिली की गणपतभाऊ सुस्तावायचे, झोपायचे, आणि उठले की पुन्हा आपले गरीब गणपतभाऊ. ती मुळी काढायची आमच्याकडे एक रीत आहे. सांजच्याला झाडापाशी जायचं, बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवायचे आणि सांगायचं, उद्या येते ग, अमक्यासाठी तू पाहिजेस. आजाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय मुळीला हात लावायचा नाही. सकाळी लागेल तेवढी काढायची, पिकलेलं फळ त्याच खड्ड्यात पुरायचं. बाई वर्षानुवर्षं तेच करत आल्या.

मालगुजारी गेली, जमीनदारांचा अंमल संपला, त्यानंतरचा एक हिवाळा. धान घरात आलं होतं. तेव्हा एक दलाल गावात उतरला. अंगात कोट, पायात बूट, बोलायला मोठा गोड. कागदात गुंडाळलेली वाळकी मुळी त्यानं चावडीवर दाखवली. कोणाला ओळखता येते का? लोकांनी भोळेपणानं बाईंच्या घराकडे बोट केलं. मी कुडाच्या भोकातून सगळं ऐकत होते.

"ही सर्पगंधा, बाई," दलाल म्हणाला. "विलायतेपर्यंत मागणी आहे हिला. कुठे उगवते तेवढं दाखवा."

"कोनाले झालं?" बाईंनी विचारलं.

"काय कोणाला झालं?"

"आजारी कोन हाय? नाव सांगा. नावाबिगर कशी काढाची?"

दलाल हसला. "अहो बाई, मोठमोठ्या शहरांत हजारो माणसं आजारी आहेत. रक्ताचा दाब, झोप नाही. त्या सगळ्यांसाठी."

"मंग त्याइचीच नावं सांगा. मी बसतो आयकत."

मला भोकाआड हसू आवरेना. दलाल उठून गेला. पण बाई काही हसल्या नाहीत. माझ्याकडे भोकातून बघून म्हणाल्या, "गिरजे, हा मानूस परत येते पाह्य."

तो बाईंच्या दारी कशाला परत येतो? त्याला गरजच पडली नाही. बाईंना मुळी काढताना गावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलंच होतं. त्यानं चावडीपुढे तराजू टांगला, गोणपाट अंथरलं. रोख पैसा! आमच्याकडे रोख पैसा म्हणजे बाजाराच्या दिवशी दिसणारा पाहुणा. तरी पहिल्या दिवशी कोणी जंगलात गेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. नाव कोणाचं घ्यायचं, इथं सगळे अडले होते. खोटं नाव घेतलं तर ते दुखणं आपल्या घरात येतं, ही भीती. मग कोणाच्या तरी डोक्यातून निघालं, की गावात या मुळीचा खरा आजारी एकच आहे. गणपत. त्याचं नाव घ्यावं. नावही खरं, आजारही खरा. झालं! हळदीचे तांदूळ घेऊन माणसं निघाली. झाडाझाडापाशी एकच नाव. गणपतसाठी पाहिजेस ग, गणपतसाठी.

आणि यात कोणाला लबाडी वाटली नाही, हे तुम्ही समजून घ्या. गावाचा कारभार बघणारा आमचा मुकद्दम झिंगूजी तर बाईंच्या अंगणात येऊन कौतुकानं सांगून गेला, "बाई, आख्खं गाव तुमच्या गणपतचं नाव घेऊन राह्यलं. आता त्याले काई होत नाई पाहा." बाई सूप हातात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "फळं पुरून राह्यले का, झिंगूजी?" जास्त वजन भरावं म्हणून लोक फळ लागलेली झाडं मुळासकट उपटत होते, फळासकट गोणपाटावर टाकत होते.

पोती भरत गेली आणि इकडे गणपतभाऊंची झोप उडाली. बाईंच्या मडक्यात उगाळून उगाळून नखाएवढा तुकडा उरला होता, तोही संपला. आम्ही दोघी जंगलात गेलो. काय सांगू... जिथे जिथे बाईंना ठाऊक होतं तिथे तिथे नुसते खड्डे. रानडुकरांच्या कळपानं उकरावं तसे. खड्ड्यांच्या कडेला हळदीचे तांदूळ मात्र नेमानं ठेवलेले, पिवळेजर्द, मुंग्या लागलेले. बाई एकेका खड्ड्यात हात घालून बघत होत्या. तुटकं मूळ तरी मिळेल म्हणून. मी म्हटलं, "बाई, चला आता." त्या म्हणाल्या, "कुठी जाऊ?"

गणपतभाऊंचं ओरडणं सुरू झालं. कुऱ्हाड निघाली. कुडापलीकडे त्यांचे पाय वाजायचे, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि त्यांच्या मागोमाग बाईंचा आवाज, थकलेला, "बसा ना जी... बसा ना जराशे." भाऊबंद जमले. ठरलं, की हातपाय बांधून बंडीत टाकायचं आणि नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवायचं. एकदा आत गेलेलं माणूस परत आलेलं आमच्या गावानं पाहिलं नव्हतं. बाई कोणाशी भांडल्या नाहीत. फक्त विचारलं, "दलालाच्या बंड्या कवा निंगते?" कोणी तरी सांगितलं, उद्या सकाळी, मूल गावच्या स्टेशनावर.

सकाळी बंड्या जुंपल्या होत्या. हाकणारे सगळे आमच्याच गावचे, पुढच्या बंडीवर आमचे हे. बाई आल्या त्या सरळ बैलांच्या तोंडापुढे उभ्या राहिल्या. मागून गणपतभाऊ, खांद्यावर कुऱ्हाड, डोळे लाल, आणि तोंडानं अखंड बडबड. रस्त्यातली माणसं दोन्ही बाजूंना भिंतींना चिकटली. मी आमच्या यांच्याकडे बघत होते. हे कासरा धरून दगडासारखे बसले होते.

दलाल म्हणाला, "बाई, बाजूला व्हा. गाडी चुकेल."

"माझ्या मानसाची मुळी हाय ह्या पोत्याइत. ते उतरवा."

"ज्यानं मला पाठवलं त्या शेठचा माल आहे. तोलून घेतला, पैसे मोजले. विचारा यांना."

"तुमाले नाई इचारत मी." बाई वळल्या. गाव सगळं उभं होतं. "तुमाले इचारतो. कोनाच्या नावानं काढली ही?"

बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती. गणपतभाऊ चालता चालता थांबले आणि पोत्यांकडे बघायला लागले. कुऱ्हाड खांद्यावरून हातात आली. मला वाटलं, आता काही तरी होतं... बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"सांगा ना जी! झाडापाशी तोंड उघडलं, आता काऊन दातखीळ बसली?"

झिंगूजी मुकद्दम पुढे आला. त्याची मान खाली होती. "गणपतच्या नावानं काढली," तो म्हणाला. "मीबी त्याचंच नाव घेतलं."

"तर मंग ते त्याची हाय का ह्या शेठची?"

झिंगूजी पुढच्या बंडीपाशी गेला आणि जोखडाची खीळ काढायला लागला. ते पाहून आमचे हे खाली उतरले आणि दुसऱ्या बाजूची खीळ यांनी काढली. मागच्या बंडीवाल्यांनीही बैल सोडले. कोणी कोणाला सांगितलं नाही. दलालाचा गोडवा पार उतरला. "अरे, मी पण पोटासाठीच फिरतो रे," तो म्हणाला, आणि खरं सांगते, त्या वेळी मला त्याची कीव आली.

बाईंनी पोतं उचललं नाही. सगळ्यांत वरचं, काल-परवा भरलेलं पोतं उसवायला लावलं. वाळलेल्या मुळ्या बाजूला केल्या, ओलसर राहिलेल्या निवडल्या, बुडाशी पडलेली काळी फळं वेचली आणि ओटी भरली. "पुरे," म्हणाल्या. "बाकीची घेऊन जा." गणपतभाऊ त्यांच्या मागे कुऱ्हाड ओढत घरी गेले. त्या दिवशी ऊन कलायच्या आत ते झोपले. मी भोकातून पाहिलं, बाई त्यांच्या उशाशी बसून हातातली माती खरवडत होत्या.

ओल्या मुळ्यांचे तुकडे त्यांनी कुडामागे लावले, फळं पेरली. पुष्कळ कुजले, थोडे जगले. दलाल आमच्या गावात परत आला नाही, पण पुढल्या साली त्याच्या बंड्या धानोऱ्याच्या बाजूला गेल्याचं ऐकलं. तिकडे कोणी बैल सोडले की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या जंगलात मात्र ते झाड अजून दिसत नाही.

गेल्या दिवाळीत बाईंना घेरी आली, म्हणून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस. रक्ताचा दाब आहे म्हणाला, बारीक गोळ्यांची बाटली दिली आणि सांगितलं, ह्या सर्पगंधेच्याच आहेत बरं का बाई. बाईंनी एक गोळी जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाल्या, "तेच हाय वं गिरजे, धुतलेलं." एवढ्या हसल्या, की डॉक्टरही हसायला लागला. ती आमची शेवटची मोठी हसण्याची वेळ.

आता बाई नाहीत. मी आले तेव्हा गणपतभाऊ कुडामागच्या त्या वाफ्यापाशी बसलेले होते. अजून तिथेच बसतात. कोणाला पाणी घालू देत नाहीत, स्वतः घालतात, हळू, लोट्यानं, एकेका बुडाशी. मुळी मी उगाळून देते. माझ्या हातची कडू लागते म्हणून कुरकुरतात, पण पितात. झोपही येते. तरी भाऊबंदांचं बोलणं पुन्हा सुरू झालंय. बाई होती तोवर ठीक, आता सांभाळणार कोण, नागपूरला पोचवलेलं बरं. मी एकटी म्हातारी किती जणांशी भांडू?

म्हणून म्हणते बायांनो, हे वाचून कागद घडी घालून ठेवू नका. या आमच्याकडे, गावाचा पत्ता पुरवणीवाल्यांकडे ठेवला आहे. धानाचे तांदूळ नवे आहेत, तलावाची मासोळी आहे, रांधायला मी आहे. वाफ्यापाशी येऊन गणपतभाऊंजवळ बसा, त्यांनी लोटा पुढे केला तर घ्या, दोन गोष्टी बोला. हा माणूस घरात राहण्यासारखा आहे, हे बाहेरच्या माणसांच्या तोंडून आमच्या गावाला ऐकू द्या. पण उशीर करू नका ग... या आठवड्यात नाही जमलं तर पुढच्या बाजाराला तरी या.