काकूंची ज्वारीची भाकरी

सातवीत शाळा सोडून लातूरकडून इकडे भाताच्या मुलखात, चारोटीच्या हायवेवरच्या हॉटेलात भाजी चिरायला आलो. बऱ्याच वर्षांनी शुगरनं डोळ्यांपुढे अंधुक व्हायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी भात, कुठलीही भाकरी, साखर बंद करून अंडी-पनीर-पालेभाजीवर राहायला सांगितलं. दोनदा पथ्य मोडलं. तिसऱ्यांदा धरलं, तेव्हा घरमालकीण काकूंना घाबरत एवढंच म्हणालो, "भात बंद केलाय."

चौथ्या दिवशी काकू ताट घेऊन आल्या. जन्मभर तांदळाची भाकरी थापलेल्या बाईनं वाणगावच्या बाजारातून ज्वारी आणून दळली होती. कडा फाटल्या होत्या.

"तुझ्या गावची म्हणून शिकले. हसू नको हां."

परमुलखात माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

"आता रोज करीन," त्या म्हणाल्या.

मला नाही म्हणता आलं नाही. या वेळचंही मोडलं, आणि आता पुन्हा धरायचा धीर नाही.