पांढरा आमचा, करडे त्यांचे

ठाकुर्लीला आमची इमारत ज्यांच्या शेतावर उभी राहिली, त्या आगरी मावशी मागेच, जुन्या बैठ्या घरात राहतात. त्यांच्या परसात सशांचे पिंजरे होते. बहुतेक ससे करडे, केसांवर चंदेरी झाक असलेले. दोन-तीन मात्र पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. माझी मुलगी एका पांढऱ्या पिल्लापाशी तासन्‌तास बसायची. एक दिवस मावशींनी ते उचलून तिच्या मांडीवरच ठेवलं.

"ने गो बाय, तुझाच हाय तो."

महिन्याभराने एका रविवारी मी मुलीला घेऊन मागे गेलेले, तर मावशी मोरीपाशी एक मारलेला करडा ससा साफ करत होत्या. मुलगी रडायला लागली. मी आवाज चढवला. "मावशी, इतक्या गरीब जिवाला मारवतं कसं तुम्हाला?"

त्यांनी शांतपणे विचारलं, "तू कोंबरी खातेस ना गो?"

खात होते, म्हणूनच मी जास्त चिडले. घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. दुर्गंधी, माश्या, लहान मुलांच्या मनावरचा परिणाम. खरं सांगायचं तर वास मला कधीच आला नव्हता. चारजणांनी री ओढली. समोरच्या नव्या इमारतीतले फ्लॅट मावशींच्या मुलाला विकायचे होते. त्याला कटकट नको होती. आठवड्याभरात त्याने पिंजरे काढायला लावले. करड्यांचं काय झालं, हे मी विचारलंही नाही.

आमचा पांढरा मात्र बाल्कनीत मजेत वाढत होता. चार किलोंचा झाला, तेव्हा नखं कापायला त्याला डोंबिवलीला डॉक्टरांकडे नेलं.

"पाळायचा ससा एवढा मोठा होतो?" मी विचारलं.

"ही मटणासाठीच वाढवलेली जात आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि पांढऱ्या कातड्यावर हवा तो रंग चढतो, म्हणून कातडंही खपतं."

"आणि ते चंदेरी झाक असलेले करडे?"

"ते मुळात फरसाठी. पाळायला म्हणून दोघांतला एकही नाही."

रिक्षात मांडीवर तो उबदार गोळा घेऊन बसले, आणि कान तापले. रंग बघून मीच ठरवलं होतं, कोण घरातला आणि कोणाचं काय झालं ते विचारायचंही नाही. आणि ज्या बाईने दिला, तिलाच क्रूर म्हणाले होते.

संध्याकाळी माफी मागायची म्हणून मावशींकडे गेले. त्या पायरीवर बसल्या होत्या.

"ससा खातो ना नीट?" त्यांनी आधी तेच विचारलं. मग म्हणाल्या, "तक्रार कोनी केली गो? तुला म्हाईत हाय का?"

त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"नाही हो मावशी," मी म्हणाले.

त्या उठल्या, वाफ्यातली मूठभर कोथिंबीर उपटली आणि माझ्या हातात दिली.

"त्याला घाल."

मी घेतली.