मागच्या सीटखालचा आवाज

बाबांचा कान हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा दागिना होता. सातपूरच्या ज्या कंपनीत त्यांनी अख्खी नोकरी काढली, तिथल्या प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबणारी मोठमोठी मशीन दिवसभर धडाडत असत. त्या गोंगाटात उभे राहून बाबा म्हणे नुसतं ऐकून सांगत, त्या कोपऱ्यातल्या मशीनचा क्लच सरकतोय, उघडा. उघडलं की तेच निघायचं. ही कीर्ती आम्हाला तोंडपाठ होती, कारण ती बाबा स्वतःच सांगत, आणि पाहुणा नवा असला तर दोनदा सांगत.

रिटायर झाल्यावरही हा कान त्यांना पुरला. अंबडला एका छोट्या वर्कशॉपचा मालक दर मंगळवारी त्यांना बोलवायचा. जुनी मशीन ऐकायची आणि त्यांचं दुखणं सांगायचं, एवढंच काम. मंगळवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालत, दाढी घोटून करत आणि चहा उभ्यानेच पीत. आठवड्याचे बाकीचे दिवस ते मंगळवारची वाट बघत आणि आमच्या कामात नाक खुपसत.

अडचण एवढीच होती की बाबांना ऐकू येईनासं झालं होतं.

सगळंच नाही. जाडे आवाज यायचे. ट्रक, ढोल, शेजारच्या काकांचं खोकणं. बारीक आवाज मात्र गेले होते. फोन वाजून वाजून थकायचा आणि बाबा त्याच्या शेजारी बसून पेपर वाचत असायचे. आईचा आवाजही गेला होता, पण आईच्या मते तो लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच गेला होता, त्यामुळे तो यात धरायचा नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं की बाबा म्हणत, आधी तुम्ही तोंड उघडून बोलायला शिका. आम्ही फार ताणत नसू. कान गेला म्हणजे मंगळवार गेला, हे आईला आणि मला कळत होतं. बाबांनाही बहुधा कळत होतं.

अशात आमची गाडी किंचाळायला लागली.

ही गाडी पहिल्या मालकाने हौसेने वापरली होती, दुसऱ्याने वैतागून, आणि तिसरे आम्ही. दोन हजार सालाच्या आसपासची असावी. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलेलं, म्हणजे पेट्रोलचा पंप थेट टाकीच्या पोटात आणि टाकी मागच्या सीटखाली. त्यात बाबांची एक जुनी सवय. स्कूटरच्या काळात आमच्या गल्लीत नळी लावून पेट्रोल चोरणारे फार होते. तेव्हापासून बाबा टाकीत पेट्रोल राहूच देत नसत. चोराला काही मिळू नये म्हणून आम्ही कायम रिझर्व्हवर. हा टाकीतला पंप पेट्रोलात बुडून थंड राहतो, कोरडा पडला की तापतो, हे त्यांना माहीत होतं. पण चोर आठवला की ते सगळं विसरायचे.

तर पंप कोरडा पडून पडून एक दिवस बोंबलायला लागला. बारीक, लांब, दात शिवशिवतील असा आवाज. आई नेहमी मागे बसायची, म्हणजे बरोबर त्याच्या डोक्यावर. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, माझ्याखाली काहीतरी रडतंय. बाबांनी आरशातून मागे बघितलं आणि म्हणाले, कुठे काय? मीही सांगितलं. बाबांनी काच खाली केली, गाडी हळू चालवत कान देऊन ऐकलं आणि पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय असा निकाल दिला. बेअरिंग बदललं. ते खरंच गेलेलं होतं, हा भाग वेगळा. आवाज होता तिथेच होता.

मग आईने चंगच बांधला. गाडीत बसलं की म्हणायची, ऐका. बाबा म्हणायचे, काय ऐकू? ती म्हणायची, हे. ते म्हणायचे, हे म्हणजे काय? एवढं होईपर्यंत भाजीबाजार यायचा.

शेवटी बाबांनी प्रकरण गल्लीपुढे नेलं. आमची सोसायटी कंपनीच्याच लोकांनी मिळून केलेली. घराघरात प्रेस शॉपचा एकेक रिटायर माणूस. सगळ्यांनी जन्म त्याच धडधडीत काढलेला, त्यामुळे सगळे एकमेकांशी रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला बोलल्यासारखे बोलत. आमच्या गल्लीत कुणाचं गुपित राहत नसे, कारण पुरुषमंडळी ते कुजबुजायला लागली की चौकातल्या पानवाल्याला ऐकू जायचं. अशी ही तज्ज्ञ समिती रविवारी आमच्या गाडीत शिरली. इंजिन चालू केलं. एकेका काकांनी मागच्या सीटला कान लावला, डोळे मिटले, मान हलवली. समोरच्या ओट्यावर बायका वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच तोंडं वाकडी केली. शेजारच्या काकू म्हणाल्या, अहो, आमच्या न्हाणीघरात ऐकू येतंय हे.

समितीने एकमताने सांगितलं, "काय आवाज नाय. लय भारी गाडी हाय."

बाबांना कोण आनंद झाला. बायकांना भास होतात, असं त्यांनी समितीला सांगितलं, आणि तेही ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. आई त्या रात्री जेवायला वाढताना एक शब्द बोलली नाही. त्याचाही त्यांना पत्ता लागला नाही.

पुढे मावसबहिणीच्या साखरपुड्याला निघालो आणि गाडीने सातपूरच्या चौकाअलीकडे मान टाकली. वेळ नेमकी शिफ्ट सुटायची. बस, मोटारसायकली, हॉर्न, आणि मधोमध आमची गाडी, आत जरीच्या साडीतली आई. येणारे-जाणारे बाबांना ओळखत होते, त्यामुळे आमची शोभा ओळखीच्या माणसांत झाली. पण बाबा घाबरले नाहीत, हे कबूल करायला हवं. बॉनेट उघडलं, स्पार्क येतोय का बघितलं, पेट्रोलची नळी सैल करून बघितली. स्पार्क होता, पेट्रोल पुढे येत नव्हतं. अडकलेला पंप सुटावा म्हणून गाडीखाली वाकून त्यांनी टाकीला खालून दोन सणसणीत बुक्क्या हाणल्या आणि मला म्हणाले, सेल मार. गाडी चालू झाली. मग रस्ताभर हेच. गाडी थांबायची, बाबा उतरून टाकीला बडवायचे, आई पदराने घाम टिपायची. साखरपुड्याला पोचलो तेव्हा पेढे वाटून झाले होते.

परत येताना बाबा म्हणाले, "पंप गेला, हे मान्य. आवाज मात्र नव्हता."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. ती दात खाते आहे हे मला स्पष्ट ऐकू येत होतं.

पंप बाबांनी घरीच बदलायचा ठरवला. रविवारी सकाळी अंगणात गाडी घेतली, मागची सीट उचलून ओट्यावर ठेवली. समिती खुर्च्या घेऊन हजर. बायकाही हजर, कारण आवाजाचा निकाल लागणार होता. बाबांनी विड्या-काड्या असलेल्यांना गेटबाहेर काढलं. पंपाची वायर सोडून इंजिन चालवलं, नळीत उरलेलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत. मग बॅटरी सोडली. सीटखालचं गोल पत्र्याचं झाकण काढलं, धूळ पुसून घेतली, कारण कचरा टाकीत गेला तर कपाळ. नळ्या काढल्या. मोठी रिंग फिरवून पंप वर ओढला. त्याच्या खालची जाळी जळक्या तव्यासारखी काळी झाली होती. मी बाजूला उभी राहून पान्हे देत होते आणि बाबांचे हात बघत होते. घरात चष्मा शोधताना जे हात चाचपडायचे, ते इथे एकदाही अडखळले नाहीत. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

नवा पंप बसला. रिंग आवळली, नळ्या लावल्या, बॅटरी जोडली. आता इंजिन एकदम चालू करायचं नाही, हा बाबांचा प्रेस शॉपमधला नियम. आधी नुसती चावी फिरवायची. चावी फिरवली की पंप दोन क्षण फिरतो, नळ्या भरतो आणि थांबतो. तो फिरलेला ऐकायचा, गळती नाही ना ते बघायचं, मग सेल.

मी पुढे बसले. बाबांनी मागे वाकून टाकीजवळ कान नेला. मी चावी फिरवली. पंप गुणगुणला, थांबला. किती गोड आवाज, मला वाटलं.

बाबा म्हणाले, "फिरव की."

मी परत फिरवली. तो परत गुणगुणला. बाबा तसेच वाकलेले. त्यांनी दुसरा कान लावला. मी परत फिरवली. समितीतले एक काका पुढे आले, त्यांनीही कान लावला आणि मान हलवली. बाबा सरळ झाले. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि आईला विचारलं, "तुला येतोय का गं आवाज?"

तोवर त्यांनी आईला मशीनमधलं काही विचारलं नव्हतं. सगळी गल्ली जमलेली होती. शेजारच्या काकू तर टाळी द्यायला हात उचलून बसल्या होत्या. आईने नुसतं 'हो' म्हटलं असतं तर तिचे सगळे अपमान तिथल्या तिथे भरून निघाले असते. मी तर मनातून तिला ढोसत होते, म्हण, म्हण.

आईने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही बाई. मला काहीच नाही ऐकू आलं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला त्यांना चारचौघांत उघडं पाडायचं नव्हतं. पण आईने विचार केला होता माणसाचा आणि बाबा करत होते मशीनचा. आवाज नाही म्हणजे पंप फिरत नाही. फिरत नाही म्हणजे उघडा. त्यांनी वायर काढली, कनेक्टर घासला, परत लावला. मी चावी फिरवली. आई परत म्हणाली, नाही. त्यांनी बॅटरी सोडली, नळ्या काढल्या, रिंग उलटी फिरवली आणि नवाकोरा, ठणठणीत पंप टाकीतून बाहेर काढला. पेट्रोल कोपरापर्यंत ओघळलं. दुकानदाराने मेलेला पंप गळ्यात मारला, त्याच्या आता तोंडावर नेऊन आपटतो, असं म्हणत ते चपला शोधायला लागले. समितीही चपला घालायला लागली. आई पदराचं टोक चुरगाळत उभी होती. बाबांनी पंप कागदात गुंडाळायला घेतला, तेव्हा तिला राहवलं नाही.

"थांबा," ती म्हणाली. "चांगला आहे तो. मघाशी चालत होता. मला ऐकू आलं होतं."

"मग खोटं का बोललीस?"

आईने जमलेल्या गल्लीकडे बघितलं. बाबांनीही तिकडे बघितलं. मग त्यांनी कागद सोडला, पंप टाकीत परत ठेवला, रिंग आवळली, नळ्या लावल्या, बॅटरी जोडली. यातलं काहीही त्यांनी घाईने केलं नाही. या वेळी त्यांनी कान नेला नाही. पंपाच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि मला मानेने खूण केली. मी चावी फिरवली.

"फिरतोय," ते म्हणाले. आणि मग, "मला नाही ऐकू येत."

हे ते इतक्या साध्या आवाजात बोलले की समितीतल्या निम्म्या लोकांना ऐकूच गेलं नाही. एका काकांनी दुसऱ्यांना विचारलं, काय म्हणाला? दुसऱ्यांनाही आलं नव्हतं. कुणी परत सांगितलं नाही. बायका उठून आपापल्या घरी गेल्या. शेजारच्या काकूसुद्धा गेल्या, आणि त्या असं काही अर्धवट सोडून कधी जात नसत.

बाबा ओट्यावर काढून ठेवलेल्या सीटवर बसले. पेट्रोलचे हात फडक्याला पुसत त्यांनी आईला विचारलं, "मग मंगळवारी मी तिथे जाऊन काय करू?"

मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच पान्हे गोळा करायला लागले. आई ओट्याशी त्यांच्याजवळ गेली.

"मी येते बरोबर," ती म्हणाली. "मला जे ऐकू येईल ते मी सांगीन. मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखं, कढईत झारा घासल्यासारखं, मला जसं सांगता येईल तसं. त्याचं काय दुखतंय ते तुम्ही ओळखा."

समितीत कुणीतरी हसलं, कारण हे मात्र त्यांना ऐकू गेलं होतं. बाबा हसले नाहीत. त्यांनी आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. प्रेस शॉपमध्ये कामावर घ्यायच्या नव्या माणसाला ते असंच न्याहाळत असावेत.

"साडी चालणार नाही," ते म्हणाले. "पदर मशीनमध्ये जाईल. ड्रेस घाल."

आईने आयुष्यात ड्रेस घातला नव्हता. मंगळवारी सकाळी तिने माझ्या कपाटातला सगळ्यात सैल ड्रेस चढवला, आरशात स्वतःकडे बघून तोंड वाकडं केलं आणि ओढणी खांद्यावर टाकली. बाबांनी ती ओढणी काढून दाराच्या खुंटीला अडकवली, आणि दोघं अंबडला गेली.