पहिल्या तासाचं पाणी

दुबईत मी कृष्णवर्णीयांचं साहित्य शिकवतो असं सांगितलं, की देरा भागातले आमचे मराठी शेजारी विचारायचे, "ते ठीक आहे हो सर, पण मेन जॉब काय?" मेन जॉब होताच. अल क्वोजमधल्या गोदामांना लागून एका भाड्याच्या इमारतीत आमचं खासगी कॉलेज भरायचं. तिथे मी बिझनेस इंग्लिश शिकवायचो. म्हणजे कंपनीला पत्र कसं लिहावं आणि उत्तर नाही आलं तर दुसरं कसं लिहावं. ज्या विषयात पीएचडी केली, तो आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा ऐच्छिक कोर्स नुसता माहितीपत्रकात छापलेला असे. दर वर्षी मुलं कमी पडत आणि तो रद्द होई. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय!

घरी तरी कोण विचारतंय? मुलगी म्हणायची, "बाबा, यू आर नॉट ईव्हन ब्लॅक." आता हिला कुठून सुरुवात करून सांगायचं? मराठवाड्यातल्या आमच्या गावात विहिरीला हात लावायची आम्हा दलितांना बंदी होती. आई काठाशी ओंजळ धरून बसायची आणि कुणीतरी, आपल्याला विटाळ होणार नाही अशा बेताने, वरून पाणी ओतायचं. ओतणारं कुणी आलंच नाही तर बसून राहायचं. पुढे कॉलेजात असताना गुलामगिरीतून सुटलेल्या एका माणसाचं आत्मचरित्र माझ्या हाती पडलं. समुद्रापलीकडचा हा माणूस माझ्या आईबद्दल लिहीत होता. तेव्हापासून मी या साहित्याच्या मागे लागलो तो लागलोच.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा एकदाचा कोर्स सुरू झाला. त्याचं श्रेय मला नाही. अकाउंट्सचे सर नोकरी सोडून गेले, त्यांचा तास रिकामा पडला आणि कॉलेजने ती सगळी मुलं माझ्या गळ्यात मारली. मला चालणार होतं. पहिल्या तासाला मी पुस्तक उघडलंच नाही. कॅन्टीनमधून पाण्याचा जग आणला, एका उंच, हसऱ्या पोराला पुढे बोलावलं, ओंजळ करायला सांगितली आणि खुर्चीवर चढून वरून पाणी ओतलं. पोरं खिदळली. निम्मं पाणी त्याच्या कोपरांवरून शर्टात गेलं, तोंडाशी घोटभरच लागलं. मी म्हणालो, "माझी आई असं पाणी प्यायची." खिदळणं थांबलं. मग मी पुस्तक उघडलं.

त्यानंतर दर वर्षी पहिला तास पाण्याचाच. कोर्सला मुलं आपणहून यायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी मेन जॉब करत होतो.

आणि इथेच माशी शिंकली. कॉलेजने एका अमेरिकन विद्यापीठाशी करार केला. आमचे डीन लेबनीज, बोलायला लोण्यासारखे. त्यांनी मला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "डॉक्टर, कोर्स तुम्हीच उभा केलात. पण आता त्याला नेटिव्ह स्पीकर हवा." नेटिव्ह स्पीकर म्हणून एक गोरा अमेरिकन आला, माझ्यापेक्षा कितीतरी लहान. हे साहित्य त्याने यापूर्वी कधी शिकवलेलंही नव्हतं. मी भडकलो. म्हटलं, "हा विषय कशाबद्दल आहे ते तरी माहीत आहे का तुम्हाला?" डीन हसले. "खलास, डॉक्टर. जरा कोऑपरेट करा. पुढच्या सेमिस्टरला एक बॅच तुमची, इन्शाल्ला."

गावात आडनाव विचारायचे, इथे पासपोर्ट विचारतात.

"आयत्या बिळावर नागोबा!" बायको म्हणाली. "आणि त्याला तुम्ही नोट्सपण दिल्यात?"

दिल्या. एका बॅचच्या आशेवर सगळ्या दिल्या.

संतापाची गोष्ट म्हणजे माणूस सज्जन निघाला. मला सर म्हणायचा, दार उघडून धरायचा. धड शिव्याही घालता येईनात. नवीन वर्ष सुरू झालं तसा तो आर्जवाने म्हणाला, "पाण्याचा तो तास तुम्हीच घ्याल का? मुलं अजून त्याबद्दल बोलतात." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जग घेऊन मी वर्गात गेलो. नवीन मुलं होती, मागे डीनही येऊन बसले होते. मी खुर्ची पुढे ओढली, तर तो अमेरिकनच तिच्यावर चढला आणि जगासाठी हात पुढे केला.

"मी ओततो, तुम्ही ओंजळ करा. तुमच्याइतकं अस्सल कोण करणार?"

मी डीनकडे पाहिलं. त्यांनी हसून मान डोलावली. नाही म्हणालो असतो तर बॅच गेली असती. ती पुढे मिळाली नाहीच, पण तेव्हा मला ते कुठे माहीत होतं?

मी वाकलो. ओंजळ तोंडाशी, बोटं घट्ट, कोपरं अंगाला चिकटलेली, अगदी आई धरायची तशी. मला हे कुणी कधी शिकवलं नव्हतं. एक थेंबही सांडला नाही.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझ्या तासाला, त्या पाण्यानंतर, कधी कुणी टाळी वाजवली नव्हती.