चोर ठरलेला आवाज

माझा संगणक एका सकाळी मुका झाला. नुसता बंद पडला असता तर एवढं काही वाटलं नसतं. बंद पडण्याची त्याला हौसच होती. पण आतला पंखा घरघरत होता, कीबोर्ड खटखट वाजत होता, आणि बोलणारा मात्र गप्प. मला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावर जे काही येईल ते एक जुनं सॉफ्टवेअर मला मोठ्याने वाचून दाखवायचं. त्याचा आवाज गेला म्हणजे माझ्यापुरता सगळा संगणकच गेला.

या आवाजाची आणि माझी ओळख नोकरीतली. मी एका कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होतो. सगळ्या साहेबांचे नंबर तोंडपाठ, आणि कोणाचा फोन कोणाला द्यायचा नाही हेही तोंडपाठ. मग परदेशी कंपन्या आल्या, नवी यंत्रं आली, फोन आपोआप जोडले जाऊ लागले आणि एक दिवस माझा बोर्ड उचलून नेला. आता याला घरी बसवणार, असं सगळेच धरून चालले होते. मीही. पण आमच्या एका साहेबांनी कुठून तरी हे बोलणारं सॉफ्टवेअर मागवलं, मला ते शिकायला पाठवलं आणि पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसवलं. निवृत्त झालो तेव्हा ऑफिसने तो संगणक सॉफ्टवेअरसकट मला देऊन टाकला. त्या साहेबांचे उपकार मी विसरूच शकत नाही.

आवाज परदेशी, नाकातून बोलणारा. पुण्याला ‘प्यून’ म्हणायचा. पण त्याच्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा अख्खं वर्तमानपत्र एकट्याने वाचलं. तोवर ब्रेलमधली मोजकी पुस्तकं सोडली तर माझं सगळं वाचन दुसऱ्यांच्या सवडीनं चालायचं. वाचणाऱ्याला कंटाळा आला की बातमी संपायची. काही बातम्या तर ‘उगाच तुम्हाला त्रास’ म्हणून परस्पर गाळल्या जायच्या. काय वाचायचं आणि काय नाही हे ठरवण्याची मुभा मला त्या नाकातल्या आवाजाने दिली.

माझा मुलगा खराडीतल्या एका कंपनीत आहे. संगणकांना चोरांपासून वाचवणं हेच त्याचं काम. कंपनीने त्याला काही महिने परदेशी पाठवलं, तेव्हा जाण्याआधी तो मुद्दाम आमच्या धायरीला येऊन माझ्या संगणकात संरक्षणाचं एक नवं सॉफ्टवेअर घालून गेला. बापाच्या काळजीपोटीच. ते अधूनमधून स्वतःला सुधारून घ्यायचं. त्या सकाळी त्याने तेच केलं आणि माझा आवाज बंद पाडला.

मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “बाबा, स्क्रीनवर काहीतरी मेसेज आला असेल. काय लिहिलंय?”

“अरे, वाचून दाखवणाराच गप्प आहे ना!”

तो हसला. मीही हसलो, पण जरा कमी. मग तो गंभीर झाला. नव्या सॉफ्टवेअरने जुन्याला अडवलं असणार, काहीही दाबू नका, म्हणाला. जुनं सॉफ्टवेअर एकदा पुसलं गेलं तर परत मिळणार नव्हतं. ते विकणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती आणि ज्या फ्लॉपीवरून ते घातलं होतं तिला बुरशी लागली होती. नवं आणू, म्हणाला. त्याला ते सोपं वाटत होतं. मला मात्र पुन्हा कोणाच्या तरी सवडीची वाट बघत बसायचं दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो.

समोरच्या घरात महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्स राहतात. सगळी सोसायटी त्यांना सिस्टर म्हणते. दार वाजवलं, अडचण सांगितली. “मला त्यातलं ओ का ठो कळत नाही,” त्या म्हणाल्या. म्हटलं, कळायला नकोच, दिसायला हवं. “तेवढं दिसतं अजून,” म्हणत त्या चष्मा घेऊन आल्या.

सिस्टरांची जन्माची सवय अशी, की लेबल पूर्ण वाचल्याशिवाय बाटलीचं बूच काढायचं नाही. पडद्यावरची चौकट त्यांनी तशीच वाचायला घेतली, अवघड शब्द आला की एकेक अक्षर सुटं करून. मी कंटाळलो आणि सवयीने बोट एंटरकडे नेलं. तोच त्यांनी माझं मनगट गच्च पकडलं.

“हात काढा! ‘काढून टाका’ असं लिहिलंय त्या बटणाभोवती ठिपक्यांची रेघ आहे.”

एंटर दाबलं असतं तर सगळंच पुसलं गेलं असतं.

पुढचं वाचून मात्र सिस्टरांचं मत पालटलं. “अहो भाऊ, पण काढूनच टाकायला हवं की हे. इथे स्पष्ट लिहिलंय, हा प्रोग्राम तुम्ही दाबाल ती प्रत्येक की गुपचूप ऐकतो. चोर आहे हा.”

“सिस्टर, तो ऐकतो म्हणून तर मी काय लिहिलं ते मला सांगतो.”

“असेल. पण लाल अक्षरात लिहिलंय. लाल अक्षरं मी आजवर डावलली नाहीत.”

माझा आवाज चढला. “कोणापासून वाचवताय मला? माझी पत्रं, माझं बँकेचं पुस्तक, सगळं आयुष्यभर दुसऱ्यांनीच वाचलं. ज्याला मी स्वतः घरात घेतलं असा हा एकच आहे. त्यालाच हाकलू?”

आपण जास्त बोललो असं मला वाटलं. मग दवाखान्यातल्या सुरात त्या म्हणाल्या, “म्हणजे पेशंटची संमती आहे. स्पष्ट बोला.”

“संमती आहे.”

“दाबा मग. मी रेघ कुठे जाते ते सांगते.”

रेघ पुढच्या बटणावर सरकवायला मी टॅब दाबायचो, त्या रेघेचा मुक्काम सांगायच्या. एकदा रेघ पुढे निघून गेली तेव्हा परत फिरलो. अखेर ‘राहू द्या’वर आलो. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “हं.” मी एंटर दाबलं, संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि दोघंही ऐकत बसलो.

नाकातला आवाज आला. मी त्याला भरधाव वेगावर ठेवलेलं असतं, त्यामुळे सिस्टर दचकल्या. “हे इंग्रजी आहे?” माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मी ते पुसलंही नाही. त्यांचे आभार मानायला लागलो तर म्हणाल्या, “पुरे. चहा राहू दे, माझी भाजी गॅसवर आहे.”

तेवढ्यात टिंग वाजलं. “मुलाची मेल आली वाटतं,” दाराकडे निघालेल्या सिस्टर म्हणाल्या.

मी जन्माच्या सवयीने विचारलं, “काय लिहितोय?”

“आता मला कशाला विचारता?” त्या म्हणाल्या. “तुमचं तुम्ही वाचा.”

हे वाक्य आजवर मला कोणीही ऐकवलं नव्हतं. सिस्टर दार ओढून घेऊन गेल्या आणि मी वाचायला लागलो.